तिसरी लाईफ

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी दादाकडं सगळे जेवून आडवे झाले होते. पुरणपोळी आणि कटाची आमटी, वर पंखा, त्यामुळं घरात कुणी बोलण्याच्या अवस्थेत नव्हतं. दादानं २०१९ च्या पुरानंतर कोल्हापुरात कळंब्याकडं फ्लॅट घेतलाय, तिथल्या हॉलमध्ये फक्त पोरं दोघं जागी, टीव्हीपुढं फरशीवर मांडी घालून, हातात स्विच म्हणजे निन्टेन्डोच्या गेम मशीनचे ते लाल-निळे कंट्रोलर आणि पडद्यावर मारिओ वंडर. पुतणी मारिओ झालेली, पुतण्या लुईजी. दोघं एकाच वेळी पळतायत, एकमेकांच्या अंगातनं आरपार जातायत, एक मेला की त्याचं भूत होऊन हवेत तरंगत येतं आणि दुसऱ्याला चिकटलं की परत जिवंत. रंग तर असे की डोळ्याला गोड लागावेत. मी मागं लोडाला टेकून बघत होतो आणि सहज बोलून गेलो की आमच्या वेळी असं दोघांना एकदम खेळता यायचं नाही, एक मेला की मगच दुसऱ्याचा नंबर. पुतण्यानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "मग तोपर्यंत दुसरा काय करायचा?" म्हणलं, "बघत बसायचा." तो म्हणाला, "नुसतं?"

नुसतं.

एवढंच बोलला आणि परत खेळायला लागला, पण तो शब्द मला काही सोडंना. रात्री पुण्याला परत निघालो, किणी टोलनाका मागं पडला तरी तेच डोक्यात. माझ्या लहानपणाचा केवढा मोठा भाग मी दादाचा खेळ बघण्यात घालवलाय हे कुणी असं विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि त्याला 'नुसतं' म्हणायचं का हे मला ठरवता येईना.

आमच्याकडं गेम आला १९९६ च्या दिवाळीत. तेव्हा आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहायचो, अण्णा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते आणि त्यांच्या बोनसमधनं लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातनं तो पांढरा डबा आला, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर किती गेम आहेत ते लिहिलेलं, आकडा प्रचंड, प्रत्यक्षात तेच सात-आठ फिरून फिरून. त्यात मारिओ. दादा सातवीत, मी तिसरीत. टीव्ही आमचा ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा, त्याला मागं ती वायर जोडायची आणि चॅनलचं बटण एवढं एवढं फिरवत बसायचं, मुंग्यांमधनं हळूहळू चित्र वर यायचं. कधी नाहीच आलं तर कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकरीनं तसं काही होत नाही, कॅसेट परत नीट बसते म्हणून चालतं, उलट तोंडातल्या ओलीनं आतल्या पिना खराबच होतात हे फार नंतर कळलं. आईची वेगळीच भीती, टीव्हीची पिक्चर ट्यूब उडेल म्हणून. अॅडॅप्टर हाताला चटका देण्याइतका तापला की ती येऊन सरळ स्विच बंद करायची आणि आम्ही कुठल्या स्टेजला आहोत याचं तिला काही देणंघेणं नसायचं. सेव्ह वगैरे भानगड नाही. लाईट गेली, अॅडॅप्टर तापला, मांजर वायरीत अडकलं, काहीही झालं तरी परत १-१, म्हणजे पहिल्या वर्ल्डची पहिली स्टेज.

ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीमुळं आम्हाला एक गोष्ट दिसली जी रंगीत टीव्हीवाल्या पोरांना दिसत नव्हती. एका संध्याकाळी दादा खेळता खेळता एकदम थांबला. स्टार्टचं बटण दाबून पॉज केलं, उठून टीव्हीजवळ गेला आणि काचेवर बोट ठेवून म्हणाला, "बारक्या, ह्ये खालचं झुडूप आणि वरचा ढग एकच हाय की." मी जाऊन बघितलं. खरंच. तेच तीन गोल उंचवटे, तीच कड, वरचं पांढरं आणि खालचं करडं एवढाच फरक. गल्लीत सांगितलं तर कुणी मानायला तयार नाही, ढग तो ढग, झुडूप ते झुडूप. कित्येक वर्षांनी वाचनात आलं की ते चित्र खरोखर एकच आहे, जागा वाचवायला तेच वापरून फक्त रंग बदललाय. आख्खा गेम ४० केबीचा, आज सकाळी सकाळी ग्रुपवर येणारा सुप्रभातचा एक फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्यात ८ वर्ल्ड, ३२ स्टेज, ढग, पाणी, किल्ले, संगीत सगळं बसवायचं म्हणजे एकेका ठिपक्याचा हिशोब आला. मारिओला मिशी का, तर तेवढ्या ठिपक्यांत तोंड काढता येईना. टोपी का, तर केस दाखवणं अवघड. हे १९८१ च्या डाँकी काँग या गेममधलं, तेव्हा त्याला मारिओ हे नावसुद्धा नव्हतं, जंपमॅन म्हणायचे आणि तो सुतार होता, नळवाला नंतर १९८३ ला झाला जेव्हा भाऊ आला. आणि भाऊ म्हणजे लुईजी, तोसुद्धा तेच चित्र, फक्त कपड्याचा रंग वेगळा.

आमच्या टीव्हीवर तर रंगही नव्हता. लुईजी जरा उजळ दिसायचा, बस. बघणाऱ्याला मी कुठला आणि दादा कुठला हे पटकन कळायचं नाही आणि मला ते फार आवडायचं.

पण लुईजी मला जेमतेम एक पावसाळाभर मिळाला. दुसऱ्या रिमोटचं उडीचं बटण आत बसलं ते बसलंच, दादानं खोलून, आतलं रबर साबणाच्या पाण्यानं धुवून, उन्हात वाळवून बघितलं पण नाही. मग दोन प्लेअरचा खेळ बंद झाला आणि आम्ही एका रिमोटवर आलो. एका गेमला लाईफ तीन. भाऊ दोन. पहिली दादाची, दुसरी माझी आणि तिसरीवरनं भांडण. या तिसऱ्या लाईफवरनं आमच्यात जे काही झालंय ते लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. करार व्हायचे, शपथा व्हायच्या, 'काल तू घेतलीस' व्हायचं, एकदा मी त्याचं कंपास रंकाळ्यात टाकायची धमकी दिलेली. शेवटी बहुतेक वेळा ती दादालाच जायची, कारण तो लांब जायचा. मी दोनला-तीनला मरायचो, तो पाचपर्यंत न्यायचा. मलाही पुढची स्टेज बघायची असायची, त्यामुळं मी भांडून झालं की रिमोट द्यायचो. हे मी आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी हरायचो नाही, द्यायचो.

आणि मग बघत बसायचो. काय बघायचो? दादा उडी मारताना रिमोट हातासकट वर उचलायचा, खड्डा मोठा असला की स्वतःही गुडघ्यावर यायचा. जीभ डावीकडं बाहेर. वेळ १०० च्या खाली आली की संगीत एकदम जोरात पळायला लागतं, तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, हे टीव्हीपेक्षा मला तिथंच आधी दिसायचं. मागं वळून न बघता तो मला विचारायचा, "वर हाय का न्हाई रं?" आणि मी सांगायचो, हाय, तिसऱ्या विटेत. कारण गुप्त विटा कुठं आहेत हे माझं खातं होतं. हातोडे फेकणारी कासवं दिसली की त्यांच्या उड्या मी मोजायचो, एक, दोन, आता! तो खालनं निसटायचा. त्या कासवांचं नाव हॅमर ब्रदर्स, म्हणजे तेही भाऊच, जोडीनं उभे. किल्ल्यातला राक्षस पडल्यावर छत्रीसारख्या डोक्याचं ते माणूस इंग्रजीत काहीतरी म्हणायचं. दादानं पाचवीपासून इंग्रजी शिकलेलं, त्यानं एकेक शब्द बोटानं वाचून अर्थ लावला, "राजकन्या दुसऱ्या वाड्यात हाय." आमच्या घरात नंतर कितीतरी वर्षं एखादी गोष्ट शोधून सापडली नाही की हेच वाक्य यायचं. आईसुद्धा म्हणायची. रॉकेल संपलं, राजकन्या दुसऱ्या वाड्यात.

सुपर मारिओ ब्रदर्स जपानात आला १३ सप्टेंबर १९८५ ला. आमच्याकडं आला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्याच १९९६ मध्ये तिकडं मारिओ ६४ आलेला, थ्रीडी, चारी बाजूंनी फिरता येणारा, आम्हाला पत्ता नाही. आमच्यासाठी कुंभार गल्लीजवळ तो नवाकोराच होता. गेम बनवणारे शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका, संगीतवाले कोजी कोंडो ही नावं मला नोकरी लागल्यावर कळली, एकदा वाचायला लागलो आणि मग थांबताच येईना. मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे गावचा. लहानपणी डोंगरात फिरताना त्याला एक गुहा सापडली, मग कंदील घेऊन आत गेला. हे वाचलं आणि १-२ मधला तो जमिनीखालचा अंधार, ते दबकत चालणारं संगीत एकदम पटलं. ज्यानं कधीतरी खरोखर घाबरत घाबरत आत पाय टाकलाय त्यानंच ते केलेलं असणार.

सगळ्यात जास्त मी १-१ चा विचार करत राहतो. त्यात सूचना एकही नाही. मारिओ पडद्याच्या डावीकडं उभा, उजवीकडं सगळी जागा मोकळी, म्हणजे उजवीकडं चाला. चाललं की समोरनं ते तपकिरी मशरूमसारखं येतं, आम्ही त्याला घुबड म्हणायचो. ते सगळ्या शत्रूंत शेवटी बनवलं, कारण कासवाला आधी उलटवायचं, मग लाथ मारायची, हे नवीन माणसाला पहिल्या झटक्यात अवघड जायचं. धडकलात तर मेलात, उडी मारलीत तर बहुतेक त्याच्यावरच पडलात आणि ते चपटं झालं, म्हणजे धडा झाला. मग प्रश्नचिन्हाच्या डब्यातनं मशरूम निघतं, उजवीकडं जातं, पाईपला आपटतं आणि फिरून थेट तुमच्याच अंगावर. आत्ताच एका मशरूमनं मारलेलं असतंय, त्यामुळं तुम्ही घाबरून उडी मारता, वरच्या विटांना डोकं आपटतं आणि पडता ते त्याच्यावरच. आणि मोठे होता. भीती घालवायची ही पद्धत मी दुसरीकडं एकाच ठिकाणी बघितलीय, तालमीत. आमचे एक मामा गंगावेशीत जायचे. वस्ताद पहिल्या दिवशी डाव सांगत नाही म्हणायचे, हौद्यात उतरवतो, जरा मोठं पोरगं समोर उभं करतो आणि पाठीवर माती पडू देतो. मग पाठच शिकते. क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीत आणि गंगावेशच्या लाल मातीत ही एक गोष्ट सारखी असावी याचा मला अजूनही फार आनंद होतो.

आणि एक गोष्ट त्या गेममध्ये अशी आहे जी पुढच्या बहुतेक मारिओंनी काढून टाकली. मागं जाता येत नाही. पडदा उजवीकडं सरकला की डावी कड भिंतीसारखी होते, मागं राहिलेलं नाणं दिसायचंसुद्धा बंद. दादा ओरडायचा, "सोड ते, गेलं ते, पुढं बघ."

तालमीतल्याच एका पोरानं ३-१ ची युक्ती सांगितली तो काळ मला नीट आठवतो. शेवटच्या पायऱ्यांवरनं कासवं उतरत येतात, त्यातलं एक बरोबर पायरीवर पकडून त्याच्यावर उड्या मारत राहिलं की ते पायरीला आपटून परत परत पायाखाली येतं आणि दर उडीला एक लाईफ. आम्ही एका रविवारी बसलो. आकडा दहाच्या पुढं गेल्यावर आकड्याच्या जागी मुकुट आणि भलतीच चिन्हं यायला लागली, आम्हाला वाटलं आता आपण राजे. दादा म्हणाला, "आता भांडायचंच न्हाई. पाहिजे तेवढ्या तुझ्या." मी तर हवेत होतो. त्यानं मारत मारत कितीतरी केल्या, हात दुखले म्हणून मला पण मारू दिल्या. मग पुढं गेला, पहिल्याच खड्ड्यात पडला आणि पडद्यावर गेम ओव्हर. एवढ्या लाईफ असताना. दोघंही गप्प. त्या दिवशी मशीननं आमची फसवणूक केली असंच आम्ही धरून चाललो. खरं कारण असं की लाईफ मोजायला एकच बाइट ठेवलेला, १२७ च्या पुढं एक जरी गेलं की मशीन तो आकडा उणे धरतं आणि तुमच्याकडं काहीच नाही असं समजतं. हे मला पुण्यात ऑफिसमध्ये डबा खाताना कळलं. त्या क्षणी दादाला फोन लावावा असं वाटलं, मोबाईल हातात घेतलासुद्धा. मग म्हणलं कामात असेल, आणि ठेवला.

फोन ठेवायची सवय आम्हा दोघांनाही आहे. भांडण काही नाही. मी पुण्याला आलो, तो तिथं राहिला, आई त्याच्याकडं, अण्णांचं शेवटचं आजारपण त्यानं काढलं. पैसे मी पाठवले. सणाला भेटतो, एकमेकांच्या गाडीचं अॅव्हरेज विचारतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीचं घर तेव्हा आमचंच होतं, दादा, वहिनी, आई आणि दोन लहान पोरं. रात्री गटारीतनं पाणी उलटं यायला लागलं, सकाळी उंबऱ्यात, दुपारी कमरेला. बोटीतनं बाहेर काढलं सगळ्यांना. शिरोलीला हायवेवर पाणी, पुण्याहून जायला रस्ताच नाही, कितीतरी दिवस ट्रक रांगेत उभे. मी टीव्हीपुढं. प्रत्येक चॅनलवर कोल्हापूर, वरनं ड्रोननं काढलेलं, आणि मी त्या तपकिरी पाण्यात आमचं छत कुठलं ते शोधत होतो. सापडलं पण एकदा, पत्र्यावर निळी टाकी, दोन सेकंद. त्या आठवड्यात मी बघण्याशिवाय काहीही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं, हे सगळे म्हणतात, दादाही म्हणाला. पण पाणी उतरल्यावर जो गाळ काढावा लागतो तो त्यानं एकट्यानं काढलेला. मी पोचलो तेव्हा भिंती धुवून झालेल्या, गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, फुगलेली पुस्तकं, कुंभारांच्या अर्ध्या रंगवलेल्या गणपतींचा परत झालेला चिखल. तो वास मी सांगू शकत नाही. ढिगाच्या कडेला तो पांढरा डबा होता, म्हणजे पांढरा कसला, आणि त्याची वायर अजून रिमोटला गुंडाळलेली, जशी दादा गुंडाळायचा तशी, चार वेढे आणि वर गाठ. मी उचलणार होतो. दादा फावडं धुवत तिकडनं म्हणाला, "सोड ते." पुढचं काही बोलला नाही.

पुतण्यानं 'नुसतं' विचारलं तेव्हा माझ्या पोटात जे हललं ते हे होतं. लहानपणीचं बघणं आणि २०१९ चं बघणं एकाच शब्दात येतं, मराठीत दुसरा शब्द नाही माझ्याकडं. एकात मी तिसऱ्या विटेचं सांगत होतो, दुसऱ्यात माझा आवाज तिथपर्यंत पोचत नव्हता.

दिवाळीत परत गेलो. मधल्या काळात मारिओचे जेवढे जमले तेवढे मी खेळून काढले होते, तीन नंबरचा, वर्ल्ड, तो योशीवाला, मग गॅलेक्सी. चांगले आहेत, फार चांगले आहेत, गॅलेक्सीत त्या छोट्या गोल ग्रहांभोवती उलटं पळताना तर अंगावर काटा येतो. २००९ पासून चौघं एका पडद्यावर खेळतात, ते पण बघितलं. माणसानं पस्तीस-चाळीस वर्षं एका उडीवर काम करावं, ती किती उंच, बटण दाबून धरलं तर किती लांब, उतरताना हवेत किती वळता येईल, आणि दर वेळी ती परत नवी वाटावी, याला मी काय म्हणू, साधना म्हणतो. पण मी एकटाच खेळत होतो, हॉलमध्ये, रात्री, आवाज कमी करून. आणि खड्डा चुकवला की बाजूला कुणी नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी पुतण्यानं स्विचवर जुने गेम असतात त्यातला पहिला मारिओ काढला. माझ्यासाठीच काढला असणार, बोलला नाही पण. ते संगीत सुरू झालं आणि आतनं दादा आला, हातात चकलीचा तुकडा. उभाच राहिला. वहिनी म्हणाली, बसा की. बसला. पुतण्यानं कंट्रोलर त्याला दिला. पडद्यावर आकाश निळं, झुडूप हिरवं, पुतणीला तो म्हणाला, "ते झुडूप हाय न्हवं, तोच वरचा ढग." तिनं बघितलं आणि तोंडाचा चंबू केला. मग तो चालायला लागला आणि पहिल्याच घुबडाला जाऊन धडकला. पोरं खो-खो. पुतण्या म्हणाला, "पप्पा, मरायची गरज नाही, रिवाइंड आहे, थांबा," आणि बटणाकडं हात नेला. दादा म्हणाला, "नको. राहू दे." आणि माझ्याकडं न बघता कंट्रोलर बाजूला धरला, हात लांब करून, जसा धरायचा तसाच.

माझी लाईफ बरी गेली. मशरूम घेतलं, पायऱ्यांपाशी घाई केली आणि मधल्या खड्ड्यात पडलो.

तिसरी राहिली. मी कंट्रोलर त्याच्यापुढं केला. त्यानं चकलीचा तुकडा तोंडात टाकला, हात सदऱ्याला पुसले, घेईल असं वाटलं. मग माझ्या मांडीवर परत ठेवला.

"तू खेळ. मी बघतो."

मी सुरू केलं. घुबड गेलं, पाईप गेला, दुसरा पाईप. अर्ध्या मिनिटात त्याला राहवेना, माझ्या खांद्यावरनं बोट पुढं आलं, "बारक्या, बी बटण सोडू नको लेका, पळतच जा, पळतच."